दहा लिटरच्या डब्यात ३०० वॅट: छोट्या कॅबिनेटची परीक्षा कशी घ्यायची

कॅबिनेट कॉम्प्युटरला थंड करत नाही. ते काम हीटसिंक (चिपची उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) आणि पंख्यांचं. कॅबिनेट त्यांच्या वाटेत कमी येतं किंवा जास्त येतं, एवढंच. जाहिरातीत 'जबरदस्त कूलिंग' लिहिलेलं असतं त्याचा खरा अर्थ 'हवा कमी अडवतो' असा घ्यायचा. मोठ्या टॉवरमध्ये आत मोकळी जागा भरपूर असते, म्हणून हा फरक फारसा जाणवत नाही. डबा दहा-पंधरा लिटरचा झाला की मात्र प्रत्येक वायर, प्रत्येक जाळी आणि बोटभर जागासुद्धा हिशेबात येते. त्यामुळे छोट्या कॅबिनेटच्या चाचणीत प्रश्न एकच असतो: हेच भाग टेबलावर उघडे ठेवून चालवले असते तर जितके तापले असते, त्याहून या डब्यात ते किती जास्त तापतात?

आधी हवेचा हिशेब मांडू. एएमडीचा रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर पूर्ण भारावर ८८ वॅटपर्यंत वीज घेतो. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० हे ग्राफिक्स कार्ड २०० वॅट घेतं. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी धरले की आकडा ३०० वॅटच्या आसपास जातो. कॉम्प्युटर या विजेवर काही उचलत नाही की ढकलत नाही, त्यामुळे ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. आत येणारी हवा फक्त १० अंशांनी गरम होऊन बाहेर पडावी असं म्हटलं, तर ३०० वॅटसाठी सेकंदाला साधारण २६ लिटर हवा त्या डब्यातून जायला हवी. म्हणजे दहा लिटरच्या कॅबिनेटमधली सगळी हवा दर सेकंदाला अडीच वेळा बदलायची! प्रवाह निम्मा झाला, तर तीच हवा २० अंशांनी गरम होऊन निघणार आणि आतले सगळे भाग त्या गरम हवेत बसणार.

आता १२० मिलिमीटरचा एक उत्तम पंखा घ्या, समजा नॉक्टुआचा एनएफ-ए१२×२५. मिनिटाला २००० फेऱ्यांवर तो तासाला १०२ घनमीटर हवा ढकलतो असं कंपनी सांगते. ते झाले सेकंदाला २८ लिटर. कागदावर एकच पंखा पुरला की! पण हा आकडा पंख्याच्या पुढेमागे काहीही नसतानाचा आहे. समोर धुळीची जाळी आली, मागे केबलचा गुंता आला, हवेला दोन वळणं घ्यावी लागली, की प्रवाह झपाट्याने घसरतो. निम्म्यावर आला तरी नवल नाही. खोक्यावर छापलेला प्रवाह आणि डब्यात प्रत्यक्ष मिळणारा प्रवाह यांच्यातली ही तूट आपल्याला दिसत नाही. दिसतं ते तापमान, आणि त्यावरून तूट ओळखायची असते.

'छोटं' म्हणजे किती, तेही सांगून टाकतो. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये मिनी-आयटीएक्स हे मदरबोर्डचं माप आणलं, १७ सेंटिमीटर लांब आणि तितकंच रुंद. त्याभोवती बांधलेलं साधारण २० लिटरच्या आतलं कॅबिनेट छोटं धरतात. कूलर मास्टरचं एनआर२०० हे १८ लिटरचं आहे, फ्रॅक्टलचं टेरा दहा लिटरच्या किंचित वर, आणि डॅन ए४-एसएफएक्स तर फक्त ७.२ लिटरचं. या मापात दोन घराणी पडतात. एकात ग्राफिक्स कार्ड नेहमीसारखं मदरबोर्डलाच टोचलेलं असतं. दुसऱ्यात ते रायझर केबल (कार्ड मदरबोर्डला दुरून जोडणारी वायर) लावून मदरबोर्डच्या पाठीमागे उभं केलेलं असतं. त्याला सँडविच रचना म्हणतात. पहिल्यात ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट प्रोसेसरच्या तोंडावर येते. दुसऱ्यात दोघांच्या खोल्या वेगळ्या होतात, पण प्रोसेसरच्या कूलरला उंची मिळत नाही. डॅन ए४ मध्ये ती जेमतेम ४८ मिलिमीटर आहे. टेरामधली मधली भिंत सरकवता येते: प्रोसेसरकडे जागा वाढवली की ग्राफिक्स कार्डाकडची कमी होते. म्हणून टेराच्या चाचणीत भिंत कुठे ठेवली होती हे सांगितलेलं नसेल, तर ते आकडे माझ्या लेखी निरुपयोगी आहेत.

तापमानाचा नुसता आकडा काहीच सांगत नाही. 'माझा प्रोसेसर ७८ अंशांवर असतो' हे वाक्य खोलीचं तापमान सांगितल्याशिवाय अपुरं आहे. हवेने थंड होणारी कुठलीही वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. ती हवेच्या किती वर राहते, एवढंच मोजण्यासारखं असतं. युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच चाचण्या २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. समजा तिथे २१ अंशांत प्रोसेसर ७८ वर थांबला. फरक ५७ अंश. आता तोच कॉम्प्युटर मे महिन्यात नागपुरात न्या. बाहेर ४५, खोलीत दुपारी ३८. ३८ आणि ५७ मिळून ९५, म्हणजे त्या रायझनची कमाल मर्यादा. तिकडे ऐसपैस वाटलेला डबा इथे काठावर आला, आणि त्यात डब्याचा दोष काहीच नाही. हा हिशेब तंतोतंत जुळत नाही हेही खरं, कारण चिप गरम झाली की तिच्यातून झिरपणारी वीज थोडी वाढते आणि फरकही किंचित वाढतो. पण विकत घेण्याआधी अंदाज बांधायला तो पुरेसा आहे.

खोलीचं तापमान मोजायचं कुठे, हाही प्रश्न आहे. भिंतीवर टांगलेला थर्मामीटर उपयोगाचा नाही. हवा कॅबिनेटमध्ये जिथून शिरते तिथे, चार-पाच सेंटिमीटर अलीकडे सेन्सर ठेवायचा. विदर्भात खिडकीतला कूलर चालू असेल तर खोलीच्या एका कोपऱ्यात आणि दुसऱ्या कोपऱ्यात सहज चार-पाच अंशांचा फरक पडतो. डोक्यावरचा पंखा चाचणीपुरता बंद ठेवायचा, नाहीतर कॅबिनेटला त्याची फुकटची मदत मिळते आणि ती कुठल्याही आकड्यात दिसत नाही. एसी चालू ठेवला तर तो मधूनमधून बंद-चालू होतो; म्हणून खोलीचं तापमानही शेवटपर्यंत नोंदत राहायचं आणि दर क्षणी वजाबाकी करायची.

कोकणातले वाचक हमखास दमटपणाचं विचारतात. हवेतल्या ओलाव्याने आपल्याला उकडतं, कारण आपला घाम वाळत नाही. प्रोसेसरला घाम येत नाही. ३२ अंशांची कोरडी हवा आणि ३२ अंशांची दमट हवा त्याच्या दृष्टीने जवळजवळ सारखीच. उंचीचा परिणाम मात्र होतो: महाबळेश्वरला हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा दहा-बारा टक्के विरळ असते, म्हणजे पंख्याच्या त्याच फेऱ्यांत तेवढी कमी उष्णता वाहून जाते. अर्थात तिथली थंड हवा ही तूट भरून काढते, आणि वर शिल्लकही राहते.

यापुढचा भाग सगळ्यांत फसवा आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी चाचणी सोपी होती. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकायचा, तापमान वाचायचं, ज्या कॅबिनेटमध्ये ते कमी ते कॅबिनेट चांगलं. आजचे प्रोसेसर असे वागत नाहीत. रायझन ७००० मालिका आली तेव्हा एएमडीने स्पष्टच सांगितलं की पूर्ण भारावर ९५ अंश गाठणं हे या चिपचं ठरवून दिलेलं वागणं आहे. विजेची मुभा आणि हवा मिळेल तोवर ती वेग वाढवत नेते, आणि मर्यादेला टेकली की वेग थोडा कमी करून तिथेच ठाण मांडते. आता दोन कॅबिनेटांत असा प्रोसेसर घालून पाहा. दोन्हीकडे ९५! म्हणजे दोन्ही कॅबिनेट सारखीच? उकळत्या पाण्यात थर्मामीटर धरला तर जाळ मंद आहे की मोठा हे कळत नाही, तो शंभरच दाखवतो. इथेही तसंच. चांगल्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसर ९५ अंशांवर राहून जास्त वॅट खर्च करत असतो आणि जास्त वेगाने धावत असतो. वाईट कॅबिनेटमध्ये त्याच ९५ वर तो दबून चालतो. ग्राफिक्स कार्डंही साधारण अशीच वागतात.

यावर दोन उपाय आहेत. एक, विजेची मर्यादा बांधून टाकायची: प्रोसेसरला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन समजा ६५ वॅट, ग्राफिक्स कार्डाला सॉफ्टवेअरमधून १६० वॅट, आणि कुठल्याही कॅबिनेटमध्ये ती मर्यादा तशीच. मर्यादा इतकी खाली हवी की सगळ्यांत वाईट डब्यातही चिप कमाल तापमानाला टेकणार नाही. मग उष्णता सगळीकडे सारखी राहते आणि तापमानातला फरक खरा ठरतो. दोन, मर्यादा मोकळी सोडायची, पण तापमानाऐवजी वेग आणि वॅट नोंदायचे. पहिल्याने दोन कॅबिनेटांची तुलना होते. दुसऱ्याने रोजच्या वापरात हाताशी काय येईल ते समजतं. एकाच तक्त्यात दोन्ही कालवलेले दिसले की तो तक्ता मी पुढे वाचत नाही.

पंख्यांचंही असंच. मदरबोर्ड तापमान पाहून पंख्याचा वेग आपोआप बदलतो. वाईट कॅबिनेटमध्ये हवा गुदमरली की पंखे जोरात फिरून ती तूट झाकतात, आणि तापमानाच्या रकान्यात दोन्ही कॅबिनेट शेजारीशेजारी बसतात. त्याची किंमत कान मोजतात. म्हणून पंख्यांचा वेग बांधायचा. त्याहून चांगलं म्हणजे आवाज बांधायचा: प्रत्येक कॅबिनेटमधले पंखे असे लावायचे की ठरावीक अंतरावर आवाज सारखाच येईल, समजा ३८ डेसिबल, आणि मग तापमान वाचायचं. छोट्या कॅबिनेटसाठी मला हीच एक तुलना न्याय्य वाटते, कारण हा डबा टेबलाखाली नसतो, टेबलावर हातभर अंतरावर असतो.

इथे पंख्याचं गणितही आपल्या विरोधात जातं. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण आवाज १५ डेसिबलने वाढतो. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे दुप्पट हवेसाठी अडीच-तीनपट कटकट. मोबाइलवरची आवाज मोजणारी ॲप रात्रीच्या शांत खोलीतल्या पातळीजवळ भलतंच सांगतात. तरी त्याच फोनने, त्याच जागेवरून केलेल्या दोन मोजमापांतली तुलना कामचलाऊ म्हणून चालते.

भार कशाचा टाकायचा? प्रोसेसरसाठी प्राइम९५ हे जुनं हत्यार आहे. मुळात ते मोठमोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्या जीआयएमपीएस या १९९६ पासून चाललेल्या प्रकल्पाचं सॉफ्टवेअर. प्रोसेसर तापवणं हा त्याचा उपउद्योग. सिनेबेंच त्यापेक्षा सौम्य आणि खऱ्या कामाच्या जवळचं. ग्राफिक्स कार्डासाठी फरमार्क आहे, तेही असंच निर्दय. प्राइम९५ आणि फरमार्क एकत्र चालवले की जे दिसतं ते प्रत्यक्षात कधी घडणार नाही असं टोक असतं. तरीही मी ते एकदा चालवतो, कारण एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि वायरिंग किती सोसतात ते त्यातच कळतं.

छोट्या कॅबिनेटचा खरा स्वभाव दिसतो तो गेममध्ये. ग्राफिक्स कार्ड पूर्ण भारावर, प्रोसेसर अर्धवट. एकटा प्रोसेसर तापवला तेव्हा जो ७० वर होता, तोच गेममध्ये कमी वॅट खर्चूनही ८० ला जाऊन बसतो, कारण त्याचा पंखा जी हवा ओढतोय ती ग्राफिक्स कार्डाने आधीच भाजलेली असते. म्हणून तीन चाचण्या हव्यात: फक्त प्रोसेसर, फक्त ग्राफिक्स कार्ड, आणि दोन्ही. पहिल्या आणि तिसऱ्यातली दरी मोठी असेल तर डब्यात हवा फिरतेय, पण बाहेर जात नाही असं समजावं.

आणि घाई नको. चिपचं तापमान दोन-तीन सेकंदांत उडी मारतं, हीटसिंकला तापायला काही मिनिटं लागतात, पाण्याचा कूलर असेल तर आतलं पाणी स्थिर व्हायला अर्धा तासही लागतो. पत्रा आणि एसएसडी त्याहून सावकाश. पाच मिनिटांची चाचणी ही डब्याची चाचणीच नव्हे, ती हीटसिंकच्या धातूची चाचणी. एचडब्ल्यूइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर दर दोन सेकंदांनी सगळे सेन्सर फाइलमध्ये उतरवून ठेवतं. त्या फाइलवरून आलेख काढायचा, रेघ आडवी झाल्यावर पुढची दहा मिनिटं मोजायची, आणि त्यांची सरासरी घ्यायची. दोन चाचण्यांच्या मध्ये कॉम्प्युटर पुरता निवू द्यायचा.

आता डब्याकडे वळू. एनआर२००ची एनआर२००पी नावाची आवृत्ती आहे. तिच्या खोक्यात बाजूला लावायला दोन झाकणं येतात, एक काचेचं आणि एक भोकाभोकांच्या पत्र्याचं. चाचणी शिकायला याहून चांगलं साधन नाही, कारण बाकी काहीही न हलवता एकच गोष्ट बदलता येते. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ज्या बाजूने हवा ओढू पाहतात तिथे काच आली, की त्यांना आतलीच शिळी हवा फिरवत बसावं लागतं. काच सुंदर दिसते, मान्य. पण महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात २० लिटरच्या आतल्या डब्याला काच लावण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

यापुढची पायरी म्हणजे झाकण काढूनच चाचणी घेणं. झाकण काढल्यावर तापमान दहा-बारा अंशांनी घसरलं, तर कॅबिनेट हवा अडवतंय. दोन-तीन अंशच घसरलं, तर अडचण कूलरची, डब्याची नाही. नवं कॅबिनेट घेऊन पैसे वाया जातील. कधीकधी मात्र झाकण काढल्यावर एखादा भाग उलट जास्त तापतो. असं होतं तेव्हा झाकणामुळे हवेला एक बोगदा मिळालेला असतो आणि ती त्या भागावरून नेमकी जात असते. झाकण गेलं की पंखा सोपी वाट धरतो. अशी रचना करणाऱ्याने विचार केलेला आहे असं मी धरतो.

हवा कुठून येते आणि कुठे जाते ते पाहायला अगरबत्ती पुरते. कॉम्प्युटर चालू, पंखे बांधलेल्या वेगावर, खोलीत वारा नाही. धूर कॅबिनेटच्या फटींपाशी वीतभर अंतरावरून फिरवायचा. राख आत जाऊ द्यायची नाही. बहुतेक वेळा पहिली अनपेक्षित गोष्ट मागच्या बाजूला सापडते: वरून बाहेर पडलेली गरम हवा भिंतीला आपटून एसएमपीएसच्या किंवा ग्राफिक्स कार्डाच्या तोंडात परत शिरत असते. आकड्यांत हे ओळखण्याची सोपी खूण अशी की कॅबिनेट भिंतीपासून फूटभर पुढे ओढल्यावर सगळीच तापमानं एकदम खाली येतात. टेबलाखालच्या लाकडी कप्प्यात ठेवलेल्या कॉम्प्युटरचं दुखणं निम्म्या वेळा हेच असतं, आणि त्यावर खर्च शून्य.

ज्या भागांकडे कोणी बघत नाही तेही तपासावेत. मिनी-आयटीएक्स मदरबोर्डवर जागा नसल्याने दुसरा एम.२ एसएसडी पाठीवर बसवतात. तिथे वारा पोहोचत नाही, आणि सँडविच रचनेत त्याच्या मागे ग्राफिक्स कार्ड तापत उभं असतं. घरगुती वापराच्या बऱ्याच एसएसडींना ७० अंशांपर्यंतच चालवावं असं कंपन्या सांगतात. त्यापुढे त्या स्वतःचा वेग कमी करतात, आणि मग मोठी फाइल कॉपी करताना 'हार्डडिस्क खराब झाली का' असा प्रश्न पडतो. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत सरासरी तापमानाशेजारी हॉटस्पॉट (चिपवरचा सगळ्यांत गरम बिंदू) आणि मेमरी हे दोन रकानेही वाचायचे. सरासरी ठीक पण हॉटस्पॉट वीस-पंचवीस अंशांनी वर असेल, तर कॅबिनेट बदलण्याआधी कार्डाच्या थर्मल पेस्टकडे (चिप आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता पोहोचवणारा लेप) बघावं.

एक-दोन अंशांच्या फरकावर भांडू नये. कूलर काढून, पेस्ट पुसून, पुन्हा बसवला तर तोच प्रोसेसर त्याच डब्यात दोन अंश इकडेतिकडे दाखवू शकतो. म्हणून तुलना करताना शक्य असेल तर प्रोसेसर, कूलर आणि मदरबोर्ड जोडलेला संच तसाच उचलून दुसऱ्या डब्यात ठेवायचा, पेस्टला हात लावायचा नाही. आणि चाचणी एकदा करून थांबायचं नाही, तीनदा करायची. तिन्ही वेळा तोच क्रम लागला तर तो क्रम खरा.

ज्यांना दोन कॅबिनेटांची तुलना करायचीच नाही, हाताशी आहे तेच नीट चालवायचं आहे, त्यांनी हीच पद्धत विजेच्या मर्यादेवर वापरावी. ग्राफिक्स कार्डाची मर्यादा २०० वरून १६० वॅटवर आणली की गेममधल्या फ्रेम थोड्याच कमी होतात, पण डब्यातली ४० वॅट उष्णता एकदम जाते, आणि छोट्या डब्यात त्याचा फायदा प्रोसेसरलाही मिळतो. नवा कॉम्प्युटर जुळवल्या दिवशीच या चाचणीची फाइल काढून ठेवावी, खोलीच्या तापमानासकट. दिवाळीच्या साफसफाईत जाळ्या धुण्याआधी तीच चाचणी तशाच मर्यादांवर पुन्हा घ्यायची आणि धुतल्यावर आणखी एकदा. तीन फाइली शेजारी ठेवल्या की धुळीने किती अंश खाल्ले आणि पेस्ट वाळल्याने किती, हे वेगवेगळं काढता येतं.